हळदीच्या मांडवातला मार

माझा थोरला विश्वजित अमेरिकेत असतो. नातीची, जागृतीची हळद त्याला दिसावी म्हणून मांडवाच्या खांबाला फोन बांधला होता. तिथून तो सांगत होता, "आये, इथं पोलिसांनी काळ्या मानसाला मारलं. हजारो लोक रस्त्यावर उतरलेत, मी पन गेलतो. काळ्याला नि गरिबाला इथं कोन इचारीत नाय."

धाकटा कुंदन, जागृतीचा बाप, म्हणाला, "बरोबर हाय दादा! सोडू नका साल्यांना."

तेवढ्यात जागृतीचा सोन्याचा हार सापडेना.

आमच्या वरच्या मजल्यावर इमेका राहतो, नायजेरियाचा. आमच्या उलव्यात त्याला कुणी खोली देईना, मी दिली. सकाळी मीच त्याच्या गालाला हळद लावली, तेव्हा बायका खिदळल्या, "पिवला कसा उठून दिसतो गो!"

"तोच वरखाली करीत होता," कुणीतरी बोललं. बस. कुंदनने त्याला कॉलर धरून जिन्यावरून फरफटत आणला. चार पोरं तुटून पडली. खुर्ची त्याच्या तोंडावर बसली. हळद नि रक्त एक होऊन गळ्यावर उतरलं. कुंदन छातीवर बसून गुद्दे घालत होता. "बोल काल्या, हार कुठं हाय?"

"मम्मी, नो! मम्मी!" इमेका मलाच हाका मारीत होता.

फोनातून विश्वजित किंचाळला, "कुंदन, मरंल तो!"

आणि मला आठवलं. परक्यांची गर्दी बघून पहाटे मीच तो हार देवापुढच्या कलशाखाली तांदळात पुरला होता. कुणाला सांगितलं नाही. माझा भरवसाच नाही कुणावर.

"हार देवापाशी हाय!" ओरडले. बेंजोच्या दणदणाटात कोण ऐकतंय? हळद कुटायचं, आंब्याची पानं बांधलेलं मुसळ उचललं आणि कुंदनच्या खांद्यात घातलं. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं. पोटच्या पोराचं.

इमेकाचा एक डोळा गेला.

हवालदार आला. "आजी, लग्नघर हाय. जिन्यावरून पडला असं लिवू का?"

"पडला? आनि माझा पोरगा काय झोपाल्यावरून पडला? लिव, मारनारा कुंदन. हार लपवनारी मी."

"आये, मी तुझा पोरगा!" कुंदन कण्हला.

"म्हनून तर नाव पाठ हाय."

खांबावरच्या फोनात विश्वजित अजून होता. त्याला म्हटलं, "तू तिकडं रस्त्यावर उतर. इकडचा मी बघते."

हवालदाराने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. मी तो मागे सरकवला. दुसरीपर्यंत शिकले आहे. सही केली.