यंदा तीरा पाण्यात उतरणार

मित्रांनो, मे महिना लागला की फिनलंडमधल्या आमच्या नौका क्लबच्या अंगणात उभे राहायला जागा उरत नाही. खाडीतला बर्फ नुकताच गेलेला असतो आणि जो तो आपापल्या होडीला चिकटलेला असतो. कोणी होडीचे पोट घासतो, कोणी रंग चढवतो, कोणी स्वतःचा पाना हरवला म्हणून शेजाऱ्याच्या पेटीत डोकावतो. डांबर, रंग आणि वेलदोडा घातलेले गोड पाव यांचे वास एकमेकांत मिसळतात. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: शनिवारी क्रेन येणार! वर्षातून एकदाच येते ती आणि एका दिवसात सगळ्या होड्या पाण्यात सोडून जाते. त्या दिवसाची वाट बघताना माझा खिळा न् खिळा शहारतो. मी तीरा. जुनी आहे, लाकडी आहे, शिडाची आहे, आणि दिसायला अजून बरी आहे, असे माझे मत आहे.

माझा मालक कालेर्वो. त्याच्या वडिलांनी मला बांधले. पाइनच्या फळ्या एकीवर एक चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या आणि मला पोटभर डांबर पाजले. कालेर्वो तेव्हा शाळेत जात होता. तो मोठा झाला आणि मी त्याच्या हाती आले. काय दिवस होते ते! बेटांना वळसा घालायच्या शर्यतीत आम्ही भल्याभल्यांना मागे टाकायचो. हेल्काला त्याने लग्नाचे विचारले ते माझ्यातच बसून. ती इतकी दचकली की थर्मासमधली सगळी कॉफी माझ्या तळात सांडली. आम्ही धक्क्याला लागलो की लोक थांबून म्हणायचे, "होडी असावी तर अशी!" मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचे.

मग कालेर्वोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. हेल्काने त्याला घरात खिडकीपाशी जाड पांघरुणात बसवले आणि मला क्लबच्या अंगणातल्या बर्चच्या झाडाखाली ताडपत्रीने झाकले. दोघांनाही वारा लागू नये, पाणी लागू नये, एवढेच तिला कळत होते. तिचा आमच्यावर फार जीव होता. पण असे चार उन्हाळे गेले. पाण्यावाचून लाकूड आक्रसते, मित्रांनो. माझ्या फळ्यांमध्ये फटी पडल्या. ताडपत्री जिथे फाटली होती तिथून ऊन आले की ते माझ्या पोटातून आरपार खाली गवतावर पडायचे. मला त्याची लाज वाटायची.

या हिवाळ्यात क्लबची सभा झाली. जागा अपुरी पडत होती, म्हणून ठरले की यंदाच्या वसंतात जी होडी तरंगणार नाही ती जूनच्या होळीत जाईल. आमच्या फिनलंडमध्ये भर उन्हाळ्यात समुद्रकाठी मोठी होळी पेटवतात आणि डांबर प्यालेल्या जुन्या होड्या तिच्यात फार छान जळतात. गेल्या वर्षी माझी शेजारीण गेली. लोकांनी गाणी म्हटली. मी ताडपत्रीखालून सगळे ऐकले.

सभेची बातमी कळली आणि बर्फ वितळताच एका सकाळी हेल्का तरातरा आली. तिने ताडपत्री ओढून काढली आणि बाह्या सरसावल्या. आयुष्यात तिने माझी डागडुजी कधी केली नव्हती, ते कालेर्वोचे खाते होते. शेजारची पांढरीशुभ्र प्लास्टिकची होडी यार्मोची. तिला दोन फडकी मारली की ती तयार, त्यामुळे यार्मोला दुसऱ्याच्या कामावर बोलायला भरपूर सवड.

"हेल्का, हिच्या फटीतून माझी मांजर आरपार जाईल."

"तुझी मांजर? ती दारातून जाताना अडकते. एवढ्या मोठ्या फटी नाहीत पडल्या अजून!"

हेल्काने मला घासले, तेल दिले, डांबर दिले. रोज सकाळी ती माझ्यात बादल्या बादल्या पाणी ओतायची आणि ओली पोती अंथरायची, म्हणजे लाकूड फुगेल आणि फटी मिटतील. पण पाणी वरून ओतले की खालून निघून जायचे आणि कोरडा वारा उरलेसुरले शोषून घ्यायचा.

"लोक होडी पाण्यात घालतात," यार्मो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आणि ही पाणी होडीत घालते!"

सगळे खो खो हसले. हेल्काही हसली. मला मात्र धीर धरवत नव्हता. कधी एकदा शनिवार उजाडतो असे झाले होते.

शनिवार उजाडला! काठीवर झेंडा चढला, मोठ्या पातेल्यात सॉसेजचे सूप रटरटू लागले, आणि पिवळी क्रेन घरघरत आत आली. हेल्काला कालेर्वोला घरीच ठेवायचे होते. पण त्याने सकाळपासून डाव्या हाताने बुटांकडे बोट दाखवून तिला भंडावून सोडले. शेवटी तिने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून, नाकापर्यंत पांघरुणात गुंडाळून आणले. एकेक होडी पट्ट्यांत लटकत वर जायची, डुलत पाण्याकडे जायची आणि टाळ्या पडायच्या. लाकडी होडीचा नंबर सगळ्यात शेवटी, कारण लाकूड फुगेपर्यंत ती पाण्यात टेकवून पट्ट्यांतच धरावी लागते आणि तेवढ्यात लोकांचे सूप होते. मी ताटकळले होते. पट्टे माझ्या पोटाखाली आले तेव्हा वाटले, ओरडावे!

आणि पाणी लागले. चार वर्षांनी! थंडगार, हिरवे, माझे पाणी! मी क्षणभर सगळे विसरले. मग ते माझ्या प्रत्येक फटीतून आत घुसले.

हेल्का माझ्यात उभी राहून बादलीने उपसत होती. तिच्या घोट्यापर्यंत पाणी आले, मग गुडघ्यापर्यंत. लोकांच्या हातातले चमचे थांबले. धक्क्याचा कारभार बघणारा आहती काठावर आला. वयाने सगळ्यांत मोठा, आणि ओरडायची सवय असलेला. पण आज तो हळू बोलला.

"हेल्का, बस कर. बाहेर ये."

"अजून थोडा वेळ, आहती. फुगतंय लाकूड, मला कळतंय."

"क्रेनवाल्याला दुसऱ्या क्लबात जायचंय गं. किती वेळ धरून ठेवणार तो?"

हेल्का उतरली. क्रेनने मला उचलले. माझ्यातून चाळणीसारख्या धारा लागल्या होत्या. कुठे ठेवायचे कोणालाच सुचेना, म्हणून मला तिथेच काठाच्या उथळ पाण्यात टेकवले आणि पट्टे सोडवून क्रेन निघून गेली. हेल्का ओल्या खडकावर बसली आणि सगळ्यांसमोर रडू लागली. होळीचा विषय कोणी काढला नाही. मी मनातल्या मनात गवताचा, डांबराचा, सगळ्यांचा निरोप घ्यायला लागले होते.

तेवढ्यात वाळूत चाके करकरली. कालेर्वो डाव्या हाताने खुर्ची रेटत पाण्याच्या कडेला आला होता. पांघरूण केव्हाच मागे पडले होते. तो वाकला, एक दगड उचलला आणि माझ्यात फेकला.

"अरे, अरे कालेर्वो!" यार्मो धावला. "तिच्यावर कशाला राग काढतोस? तिनं काय केलंय?"

कालेर्वोने दुसरा दगड फेकला, आधीपेक्षा मोठा. हेल्का उठली. तो तिच्याकडे बघून डावा पंजा खाली दाबत होता, पुन्हा पुन्हा, खाली, खाली.

"बुडवायची?" हेल्काने विचारले. "तीराला बुडवायची?"

त्याने इतक्या जोरात मान डोलावली की डोक्यावरची टोपी पडली.

हेल्काने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! माझ्या आजोळी वल्ह्याच्या होड्या दर वसंतात अशाच बुडवून ठेवायचे. दगड भरून! आणि मी बसलेय बादलीनं खेळत!"

"म्हणजे आज होड्या तरंगवायच्या की बुडवायच्या?" यार्मो म्हणाला.

"यार्मो, तोंड बंद कर आणि दगड उचल," आहती गरजला. त्याचा नेहमीचा आवाज परत आला होता. "सभेत आपण यंदाचा वसंत म्हणालो होतो. वसंत अजून संपलेला नाही!"

मग काय विचारता! साऱ्या क्लबने सूप तसेच टाकले आणि किनाऱ्यावरचे दगड माझ्यात आणून घातले. क्लबच्या पांढऱ्या टोप्या, चांगले कपडे, कशाचीही पर्वा नाही. मला दोरांनी बर्चला बांधले आणि मी काठोकाठ पाण्याखाली गेले. मित्रांनो, बुडताना इतका आनंद झालेली होडी तुम्ही ऐकली नसेल. आतून पाणी, बाहेरून पाणी, आणि मी ते घटाघटा पीत होते.

पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा जमले. दगड काढले, मला हेलावून माझा काठ पाण्यावर आणला आणि बादल्यांची रांग लागली. यार्मो सगळ्यात पुढे, छातीपर्यंत भिजलेला. पाणी संपले तेव्हा सगळे वाकून माझ्या तळाकडे बघत राहिले. बराच वेळ. एका कोपऱ्यात जरासे पाझरले आणि थांबले.

"तरंगतेय!" हेल्का किंचाळली, आणि मी तरंगत होते!

डोलकाठी उभी राहिली, शीड चढले. हेल्का एकटीच निघणार होती. कालेर्वोने काठावर खुर्चीतून उठायला सुरुवात केली तेव्हा ती घाबरली, "अरे, गारठशील, पडशील." पण यार्मो आणि आहतीने त्याला दोन बाजूंनी उचलून माझ्यात बसवले सुद्धा. हेल्काने सुकाणू धरले. बेटांपलीकडे मोकळा वारा लागला आणि पहिली मोठी लाट माझ्या नाकावर फुटून कालेर्वोच्या तोंडावर आदळली. हेल्काचा हात झटकन पांघरुणाकडे गेला. त्याने तो बाजूला सारला. तो गदगदून हसत होता आणि ओठ चाटत होता. हेल्काने त्याच्याकडे पाहिले, पांघरुणाची घडी केली आणि ती स्वतःच तिच्यावर बसली.

मित्रांनो, काळजीपोटीच तिने आम्हाला झाकले होते, आणि त्या काळजीत आम्ही दोघे वाळत चाललो होतो. तुमच्याही घरी कोणी असेच झाकलेले असेल, एखादी वस्तू किंवा एखादे माणूस. आज त्याच्यावरचे पांघरूण काढा, आणि त्याला विचारा, कुठे जायचे आहे.