कोरड्यात ठेवलेला डोंगा

वैनगंगेची अख्खी संस्कृती माझ्या रूपाने जिवंत आहे. हे मी म्हणत नाही, मनीषनगरच्या पारंपरिक नौका संग्रहालयातली पाटी म्हणते. पाटीखाली, माझ्या पोटात, स्वयंसेवकांचे टिफिन ठेवलेले असतात.

मित्रांनो, मी डोंगा. मारोतराव ढिवरांनी मला एका अखंड खोडातून कोरलं. बावीस दिवस लागले. पुढची चाळीस वर्षं मी मासे वाहिले, शिंगाडे वाहिले, एकदा पुरात अडलेली बाळंतीण वाहिली. काम संपलं की दर उन्हाळ्यात मारोतराव माझ्यात दगड भरून मला डोहात बुडवून ठेवत. ओलं लाकूड टिकतं, उघड्यावर तापलेलं तडकतं. एवढं शास्त्र त्यांना शाळेत न जाता येत होतं.

ते गेले. संग्रहालयवाले मला न्यायला आले, तेव्हा मी डोहातच होतो. अध्यक्ष गिरिधर, निवृत्त हेडक्लार्क. मला पाण्याखाली पाहून त्यांचे डोळे भरून आले. "काय ही हेळसांड!" म्हणाले, आणि त्यांनी मला वाचवलं. नावेला पाण्यापासून वाचवणारा जगातला पहिला माणूस. मग टिनाचं शेड, चकचकीत पॉलिश आणि वरून दोन हॅलोजन.

एप्रिलमध्ये मारोतरावांच्या पत्नी प्रयागबाई मला भेटायला आल्या. अंगावरून हात फिरवला आणि भडकल्या.

"काहून वाळवून राहिले गा याले? पापड होय का हा?"

"मावशी, म्युझियमची वस्तू कोणी बुडवते का?"

"वस्तू नोहे, डोंगा होय तो! पाण्यात दाबा त्याले. नाहीतर महिन्याभरात फाटते, पाहून घ्या."

गिरिधरांनी त्यांना चहा पाजला, शाल दिली, फोटो काढला. 'पारंपरिक ज्ञान जपू या' असं लिहून तो ग्रुपवर टाकला. मी कोरडाच. मला तोंड असतं तर शिव्या घातल्या असत्या. पण पगार न घेता वाटोळं करणाऱ्याला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची असेल तर तिच्यासोबत राबलेल्या माणसाला विचारा. आणि विचारलंत, तर ऐकासुद्धा.

मेच्या मध्यात, सेहेचाळीस डिग्रीत, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलो. गिरिधर हादरले. त्यांनी प्रयागबाईंना फोन लावला, मधे न बोलता सगळं ऐकलं आणि तातडीने टँकर मागवला. माझ्यात पाणी सोडलं. ते भेगेतून शेजारच्या पार्किंगमध्ये गेलं.