गाळलेला खोकला

पल्लवीने कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ थोडी मागे नेली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

"डाक्टरनं हात टेकले व्हते. पन प्रभूनं डोक्यावर हात ठेवला." मग अगदी बारीक असा टक् आवाज. "मी बरी झाले. देवाची इस्तुती."

"ऐकलंत ना सर? मध्ये टक् वाजतंय," पल्लवी म्हणाली. "जुनी टेप इथे कापून जोडलेली असणार. साफ करून टाकू?"

बिशप शांतवन पगारे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पल्लवीला याचं नवल वाटलं नाही. ती चार वर्षांपासून नाशिकरोडच्या या वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत काम करत होती, आणि टेपवरच्या या भिमाबाईची साक्ष, म्हणजे देवाने बरं केल्याची जाहीर कबुली, लावली की सर खोलीबाहेर जातात हे तिला पाठ झालं होतं. तिला वाटायचं, सर भारावून जातात. तसं सगळ्यांनाच वाटायचं. 'दिवेलागण' हा रेडिओवरचा कार्यक्रम दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला लागायचा. २००८ साली त्याला वीस वर्षं होत होती, आणि त्या वीस वर्षांत सर्वांत जास्त पत्रं आली ती या एका साक्षीला. पेठच्या पुढे, घाट उतरल्यावरच्या करंजपाड्यातली एक क्षयाने खंगलेली बाई प्रार्थनेने बरी झाली, ते तिच्याच तोंडून ऐकायला लोकांना फार आवडायचं. दरवर्षी फर्माईश यायची आणि दरवर्षी ती लागायची. विसाव्या वर्षाच्या खास कार्यक्रमात ती नसती तर चर्चच्या कमिटीने पल्लवीला फाडून खाल्लं असतं.

भिमाबाई त्या साक्षीनंतर आठ महिन्यांनी वारली, हे कार्यक्रमात कधी सांगितलं गेलं नाही. कोणी विचारलंही नाही.

पगारे तेव्हा बिशप नव्हते. मोपेडला मागे अ‍ॅकॉर्डियन बांधून पाड्यापाड्यांवर फिरणारे तिशीतले पास्टर होते. आवाज खडा, केस दाट, आणि स्वतःवरचा विश्वास त्याहून दाट. पुढे रेडिओमुळे नाव झालं, नावामुळे माणसं जमली, माणसांमुळे चर्चच्या मंडळ्या वाढल्या आणि एक दिवस ते बिशप झाले. पण पेपरात त्यांचे फोटो आले ते पाण्यामुळे. डोंगरातल्या झऱ्यांना टाक्या बांधून उताराने नळ आणायचे, अशी अकरा पाड्यांची कामं त्यांनी केली. क्षयाच्या रोग्याला घरी जाऊन, समोर उभं राहून गोळी गिळायला लावणाऱ्या बायकांचं एक पथक उभं केलं. चर्चमधल्या काही जुन्या लोकांना हे शेवटचं खटकायचं. प्रार्थनेने बरं करणारा माणूस गोळ्या का वाटत सुटलाय, असं ते आपसांत बोलत. बिशपांच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, झिपरू आला.

झिपरू म्हणजे भिमाबाईचा नवरा. करंजपाड्याच्या टाकीच्या कामावर त्याने चार महिने दगड वाहिले होते, त्यामुळे बिशपांना तो चांगला ठाऊक होता. पण इतक्या वर्षांत तो एकदाही नाशिकला आला नव्हता. त्याला जिना चढताना पाहून बिशप उठून दारापर्यंत आले. हा माणूस एक दिवस जाब विचारायला येईल, याची ते सतरा वर्षं वाट पाहत होते. स्वप्नात तर तो किती वेळा आला होता.

"या झिपरूभाऊ. बसा."

झिपरू खुर्चीवर बसला नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पास्तर," तो म्हणाला. त्याच्यासाठी ते अजून पास्तरच होते. "रेडू लागतो तवा सगळा पाडा ऐकतो. भिमा बोलती. बरी झाले म्हनती. मंग लोक माझ्याकडं बघतात."

"का?"

"बरं झालेलं मानूस मेलं कसं? झिपरूनं तिला भगताकडं नेली, कोंबडं दिलं, म्हनून देवानं दिलेलं परत घेतलं. असं म्हनतात." त्याने टोपी उचलून पुन्हा ठेवली. "मी नेली नाय. भगताच्या दारात पाय नाय ठेवला. पन मी सांगतो त्याला कोन इचारतो? ती सोता रेडूवर सांगती ना."

"राजू काय म्हणतो?"

राजू त्याचा एकुलता एक मुलगा. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. आता ओझरला एका वर्कशॉपात कामाला होता.

"तो बी तेच म्हनतो. वैशाखात लगीन हाय त्याचं. म्हनला, तू मांडवात येऊ नको. माझ्या आईला तू खाल्लंस." झिपरूचा आवाज चढला नाही, फुटलाही नाही. बाजारभाव सांगावा तसं त्याने ते सांगितलं. "मी भांडाया नाय आलो, पास्तर. त्या दिशी तुमी तिचं बोलनं भरून घेतलं तवा मी दाराभाईर व्हतो. बोललेलं कळत नव्हतं, पन खोकला ऐकाया येत व्हता. लय खोकत व्हती ती. रेडूत खोकला नाय. तो तुमच्याकडं असंल तर यखांद्या डाव लावा. राजूला कळंल का ती बरी नव्हतीच. बास, येवढंच."

बिशपांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही नीट समजलं नाही. झिपरूने चहा घेतला, पेठची एसटी चुकेल म्हणाला आणि गेला.

खोकला होता. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत, गुंडाळी करून ठेवलेला. १९९१ साली त्यांनी स्वतः ब्लेडने तो कापून काढला होता. फेकायचा धीर झाला नाही आणि ऐकायचाही झाला नाही. तीनदा ऑफिस बदललं, डबी बरोबर आली. साक्ष लागली की त्या टक् आवाजापाशी त्यांना तो खोकला ऐकू यायचाच. दुनियेला जिथे काही ऐकू येत नव्हतं, तिथे त्यांना सगळं ऐकू यायचं. म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहत. पण बाहेरही तो यायचा.

तेव्हाची त्यांच्यातली रीत अशी, की साक्ष विश्वासाने द्यायची. अजून घडलं नसलं तरी घडलंच असं समजून बोलायचं. आधी ओठांनी कबूल करायचं, मग शरीर मागून येतं. पगारे हे मनापासून मानत होते. ती लबाडी नव्हती. लबाडी असती तर एखाद्या दिवशी तिची माफी मागून मोकळं होता आलं असतं.

सोमवारी त्यांनी कपाटावरचं जुनं टेप मशीन खाली काढलं, धूळ पुसली, आणि मूळ रीळ चढवलं. टेप जिथे जोडली होती तिथे ती नखाने अलगद सोडवली. डबी उघडली. मग पल्लवीला बाहेर बसायला सांगून, कानाला हेडफोन लावून, त्यांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा तो तुकडा ऐकला.

पाऊण मिनिटाचा होता. खोकला पहिल्या बारा सेकंदांत संपत होता.

तिथे कापलं असतं तरी झिपरूचं काम झालं असतं. त्याने तेवढंच मागितलं होतं. त्यापुढचं त्याला माहीतच नव्हतं. बिशपांनी त्या जागी टेपवर पेन्सिलची खूण केली. ब्लेड घेतलं. त्यांच्या हातात अजून ती जुनी सफाई होती, तिरका छेद एका झटक्यात देता आला असता. अकरा पाडे त्यांच्या डोळ्यांपुढे आले, गोळ्या देणाऱ्या बायका आल्या, कमिटी आली. माझं काही नाही, पण या कामाचं काय होईल, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. विचारताना आपल्याच आवाजाची त्यांना लाज वाटली.

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. खूण पुसली. आणि अख्खा तुकडा जिथून काढला होता तिथे चिकटवला.

पल्लवीने सीडी करताना तो ऐकला. संपल्यावर ती बिशपांकडे वळली.

"सर, हे असंच पाठवायचं?"

"असंच."

"कमिटीला आधी ऐकवायला नको?"

"कमिटीकडे रेडिओ आहे," बिशप म्हणाले.

सीडी कुरियरने गेली. प्रसारणाला सात आठवडे होते. त्या सात आठवड्यांत एक फोन करून ती थांबवता आली असती, आणि बिशपांनी दोनदा फोन उचलून खालीही ठेवला. मात्र झिपरूला निरोप गेला, की बुधवारी मी येतो, राजूला बोलावून घ्या.

चैत्रातल्या त्या बुधवारी दिवे लागायच्या सुमारास बिशपांची जीप करंजपाड्याला पोहोचली. झिपरूच्या अंगणात पाडा जमला होता. बिशपबाबा स्वतः येऊन कार्यक्रम ऐकणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? बाजेवर त्यांच्यासाठी गोधडी अंथरली होती. झिपरू नेहमीसारखा उंबऱ्याजवळ, सगळ्यांपासून थोडा लांब बसला होता. राजू ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. तो बापाकडे बघत नव्हता.

पाड्यावर एक नेम होता. बिशप आले की अंगणातल्या नळाचं पाणी पहिल्या तांब्यातून त्यांना. नळ आला त्या दिवसापासून तो कोणी मोडला नव्हता. त्या दिवशी मात्र गाडी घाटात तापली, यायला उशीर झाला आणि ते बाजेवर टेकतात तोच कार्यक्रमाचं गाणं सुरू झालं. पाणी राहून गेलं.

गाणं संपलं. रेडिओवरच बिशपांचं वीस वर्षांबद्दलचं मनोगत झालं. मग भिमाबाई बोलू लागली आणि बायकांनी पदर डोक्यावरून घेतले.

"डाक्टरनं हात टेकले व्हते. पन प्रभूनं डोक्यावर हात ठेवला."

मग खोकला आला. खोल, ओला, थांबता थांबेना असा. ओट्यावरची एक म्हातारी, चिमणाबाई, एकदम म्हणाली, "गं बाई! भिमाच हाय ही." झिपरूने डोळे मिटून घेतले. त्याला जे हवं होतं ते झालं होतं.

पण रेडिओ थांबला नाही. एक तरुण, खडा आवाज आला. तो सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"थांबा भिमाताई. पाणी प्या. आता न खोकता म्हणा."

"बाबा, रातीला अजून रगत पडतं."

"तिकडे बघायचं नाही. विश्वासानं बोला. म्हणा, मी बरी झाले."

"मंग गोळ्या?"

थोडा वेळ नुसती खरखर.

"बरं झालेलं माणूस गोळ्या घेतं का, ताई?"

"नाय," भिमाबाई म्हणाली. पुढे, अजिबात न खोकता, ती म्हणाली, "मी बरी झाले. देवाची इस्तुती."

रेडिओवर दुसरं गाणं लागलं. ते बंद करायला कोणी उठलं नाही. बिशप बाजेवर ताठ बसले होते. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवून आणलं होतं, अगदी शब्दन् शब्द. आता त्यातला एकही उपयोगाचा उरला नव्हता.

राजू खांबापासून हलला. घरात गेला, घासलेला पितळी तांब्या घेऊन बाहेर आला आणि नळावर भरायला वाकला. पाणी काठोकाठ आलं. तांब्या घेऊन तो अंगण ओलांडून येऊ लागला तसा बिशपांचा हात सवयीने पुढे झाला.

राजू बाजेवरून पुढे गेला. उंबऱ्यापाशी, बापासमोर, उकिडवा बसला.

"आबा," तो म्हणाला. "पानी घे."

झिपरूने तांब्या दोन्ही हातांनी धरला. प्यायला मात्र त्याला जमेना. पाणी नुसतं हिंदकळत राहिलं. राजूने खालून हात लावला.

नळ तसाच वाहत होता. बिशप उठले, सगळ्यांमधून वाट काढत नळापाशी गेले आणि ओंजळ धरून पाणी प्यायले. मग त्यांनी नळ बंद केला.