डोळे मिटून बसणाऱ्यांची सतरंजी

मित्रांनो, चपला बाहेर काढून या. मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मला दोन भोकं आहेत. तिथलं मला सांगता येत नाही, तेवढं सोडून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या तुरुंगातल्या मागावर झाला. तिथून मी वाशीम जिल्ह्यातल्या एका छोट्या तुरुंगात आले. सुरुवातीला समारंभात माझा मान मोठा होता. "काय सुरेख वीण आहे!" असं पाहुणे म्हणायचे. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी कोपऱ्यात

(हे पहिलं भोक. उंदरांचं.)

एका बुधवारी सुकेशनीताईंनी मला झटकलं. त्या कारंज्याहून एसटीने येतात. कैद्यांना बुद्धवंदना सांगतात, मग डोळे मिटून श्वासाकडे बघायला शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी पितळी घंटी वाजवली मात्र, सगळे ताडकन उठून जोडीजोडीने उभे राहिले! तुरुंगात घंटी म्हणजे मोजणी. ताई हसल्या, मग सगळेच हसले. घंटी पिशवीत गेली ती गेलीच.

मला मात्र कुतूहल वाटू लागलं. डोळे मिटल्यावर या माणसांना काय दिसत असेल? मला तर फक्त त्यांचं वजन कळतं.

धनराजचं तेही पुरतं कळेना. तो मेडशीजवळच्या तांड्यावरचा. बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्याचा हात मोडला होता. तो अर्धा माझ्यावर, अर्धा फरशीवर बसायचा.

"ताई, आमचा देव येगळा हाय. मी बसलो तं चालते?"

"बस न भाऊ. श्वासाले कोनी जात इचारते का?"

तो बसला, पण डोळे मिटेना. त्याची आई रूपाबाई दर बुधवारी भेटायला यायची आणि तो नाही म्हणायचा. कोणत्या तोंडाने भेटू, म्हणायचा.

एकदा ताई म्हणाल्या, "आज मनात एक सतरंजी टाका. ज्याले भेटाची लाज वाटते, त्याले तिच्यावर बसवा."

धनराजने डोळे मिटले. पहिल्यांदाच त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं.

तेवढ्यात शिपाई दारात आला. "धनराज, तुही माय आली. नाई म्हनून सांगू ना, नेहमीसारखं?"

धनराजने डोळे उघडले. शेजारच्या राजपालने त्याला कोपर मारलं. "जाय न बे! माय हाय ते, पोलीस नाई."

तो उठला आणि

(हे दुसरं भोक. भेटीत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. मी इथेच पडून होते.)

परत आला तेव्हा डोळे लाल होते. "ताई, म्हतारी गेटाबाहेर तापल्या फरशीवर बसून व्हती. सकायपासून. मी नाई म्हनो, तवाबी तशीच बसत असन."

ताईंनी तुरुंगाच्या साहेबांना विचारलं. आता दर बुधवारी सकाळी शिपाई मला गेटाबाहेर निंबाखाली अंथरतो. भेटीला आलेल्या आया, बायका, लेकरं माझ्यावर बसतात. दुपारी मला आत नेतात. रूपाबाई बसली होती ती पट्टी धनराज शिपायाला विचारून घेतो, हाताने चाचपतो, तिथेच बसतो आणि डोळे मिटतो.

त्याला काय दिसतं? मित्रांनो, अजून मला कळलेलं नाही.

मला उन्हात वाळवा, उंदरांपासून जपा, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक. धनराज आता लवकर सुटणार आहे. असं कुणी तुमच्या गावात परत आलं, तर त्याला दारात उभं ठेवू नका. घरात असेल ते अंथरा. आणि म्हणा, बसा.