मेव्हण्या, हात खिशात!

आमच्या दाजींच्या रेकॉर्ड प्लेअरला वेग कमीजास्त करायची एक बारकी कळ आहे. गेली वीस वर्षं तिच्याइतकं लाडकं खेळणं मला दुसरं नाही. दाजींची पाठ वळली की मी ती केसभर सरकवतो. मग गायक एकतर पेंगायला लागतो, नाहीतर मागे कुत्रं लागल्यासारखा पळत सुटतो. आतून आरोळी येते, "मेव्हण्या, हात खिशात!"

दाजी एके काळी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. माझी ताई त्याच बँडची गिटारवाली. चौघांनी मिळून एकच रेकॉर्ड काढली. लोकांनी डोक्यावर घेतली, पण बँड तिच्यापायीच फुटला. कारण रेकॉर्डवर सगळी गाणी घाईघाईत धावतात. गायकाने सगळं खापर दाजींवर फोडलं, "याला ताल सांभाळता येत नाही." दाजींनी मान खाली घालून ऐकलं, ड्रम विकले आणि पुढची चाळीस वर्षं कुलपांच्या किल्ल्या घासल्या.

आता एका कंपनीला तीच रेकॉर्ड नव्याने काढायची होती. मूळ टेपवरून, जाडजूड तबकडी, राजेशाही खोका, कानसेन मंडळींसाठी. आधी नमुन्याची तबकडी आली, सोबत मंजुरीचा फॉर्म. चौघांच्या सह्या हव्या होत्या, नाहीतर काम रद्द. तिघांच्या झाल्या होत्या. मुदत आजचीच.

"मी नाही करणार," दाजी म्हणाले. "माझी चूक एकदा छापली, पोट नाही भरलं? आता जाड प्लास्टिकवर?"

"अहो, ऐका तर आधी," ताई म्हणाली.

मी तबकडी लावली. ताईची मोकळी तार वाजली आणि मागून ड्रम आले. ऐटीत, दमदार, कसलीही घाई नाही. मी तर हबकलोच.

दाजी ताडकन उठले. "लाज वाटते का रे? आजच्या दिवशी तरी! कळ फिरवलीस ना?"

"शप्पथ दाजी, हात नाही लावला!"

"तुझी शप्पथ! मागच्या महिन्यात माझ्या चष्म्यावर हात ठेवून खाल्ली होतीस."

खरं होतं ते. वीस वर्षांच्या वात्रटपणाची वसुली नेमकी आज व्हायची होती. दाजींनी फॉर्मची घडी घातली. मी घाईने प्लेअरकडे बोट दाखवलं.

"दाजी, फिरत्या चकतीच्या कडेला ते ठिपके आहेत ना? तुम्हीच सांगितलंय, वेग बरोबर असला की दिव्याखाली ते थांबल्यासारखे दिसतात. बघा तरी."

दाजी वाकले. ठिपके जागच्या जागी होते.

"मग जुनी अशी का?" ते पुटपुटले.

ताई उठली आणि गिटारच्या पेटीतून सूर जुळवायचा काटा काढून आणला. "तेव्हा रोज यावरच तार लावायचे मी," म्हणत तिने काटा गुडघ्यावर आपटून टेबलाला टेकवला. टेबल गुणगुणायला लागलं. मी नवी तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावली. तार आणि काटा एकजीव. मग जुनी लावली. ठिपके तसेच थांबलेले, तारेचा सूर मात्र काट्याहून चांगलाच चढलेला.



"म्हणजे रेकॉर्ड बनवतानाच टेप पळवली त्यांनी," ताई म्हणाली. "टेप पळाली की सूरही चढतो; नुसते ड्रम धावले असते तर माझी तार चढली नसती. तुम्ही नव्हतात धावत. आणि मला एकदाही काटा लावून बघायचं सुचलं नाही. नुसते भांडत बसलो आपण."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला. "चाळीस वर्षं," ते म्हणाले. "त्या गाढव गायकाला फोन लाव."

"आत्ता?"

"नको, थांब. त्याला तबकडीच पाठवू. सोबत काटा." आणि हसले. चोर माणूस! माझ्यापेक्षा वात्रट निघाला.

मग त्यांनी फॉर्मची घडी उलगडून सही ठोकली. 'दोष आढळल्यास लिहा' अशी चौकट होती, तिच्यात लिहिलं, 'ड्रममध्ये नाही.' टेबलावरचे दोन चमचे उचलले, खुर्ची पुढे ओढली.

"दुसरी बाजू लाव," ते म्हणाले. "आणि मेव्हण्या..."

माझे हात आधीच खिशात होते. तबकडी ताईलाच उलटावी लागली.