घोरतेय, झोपू दे!

घरातलं कुणी नशेच्या पावडरच्या नादी लागलं की आपण आधी काय करतो? खिडक्या लावून घेतो. एका सरकारी गाडीच्या ड्रायव्हरनेही तेच केलं. त्याच्या गाडीतून फिरणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणजे सरकारच्या व्यसन-उपचार विभागाच्या प्रमुख. आणि त्यांच्याच ड्रायव्हरची लेक नशेत! कळलं तर नोकरी जाईल, या धास्तीने तो तोंडात मिठाची गुळणी धरून गाडी हाकायचा.

त्या सकाळी बाईंना मंत्र्यांच्या बैठकीला न्यायचं होतं. सिग्नलला बायकोचा फोन आला.

"अहो, पोरगी उठेना. घोरतेय पण. झोपू दे ना?"

"कशी घोरतेय?"

"घरघर करते, मध्येच थांबते. ओठ निळे पडलेत हो!"

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, त्याचा पाय काही हलेना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, मॅडम." सवयीने खोटंच निघालं. मग बांध फुटला. "पोरगी मरतेय माझी! पावडर घेते ती."

बाईंनी फोन हिसकावला. "ताई, ही झोप नाही, श्वास बंद पडतोय! उताणी करा, हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. थांबू नका!" दुसऱ्या फोनवर त्यांनी अँब्युलन्स बोलावली. "गाडी वळवा. मंत्री थांबतील!"

ड्रायव्हरच्या घराच्या जिन्यात शेजारी जमलेले. आत आई लेकीच्या तोंडात श्वास फुंकत होती. बाईंनी पर्समधला पावडरवरच्या उताऱ्याचा फवारा काढून पोरीच्या नाकात मारला. छाती हलेना. बाई श्वास देत राहिल्या, वाट पाहिली, दुसरा फवारा मारला.

पोरगी खोकली!

"बोलला का नाहीत?" तिला कुशीवर वळवत बाई कडाडल्या.

"तुमच्या उपचार केंद्रावर आणली होती, मॅडम. फाटकात पोलीस दिसले नि मागे फिरलो."

बाईंचा चेहरा उतरला. "ते पोलीस बंदोबस्ताला मीच मागवले. केंद्रावरची रांग आटली तेव्हा वाटलं, नशा कमी झाली. वर कौतुकही करून घेतलं! माणसं घरात मरत होती आणि मी हार घालून घेत होते. आजच हटवते त्यांना."

"आणि माझी नोकरी?"

"आजारी पोरीचा बाप असणं गुन्हा आहे का हो?"

अँब्युलन्स आली. बायको पुटपुटली, "शेजाऱ्यांना चक्कर आली म्हणा."

"चक्कर नाही!" ड्रायव्हर जिन्यात ओरडला. "माझी लेक पावडर घेते. उपचार करणार आहे तिचे. वाट सोडा!"

सगळे बाजूला सरकले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तेवढ्या हळूच पुढे आल्या. "डॉक्टरबाई, तो फवारा मलाही मिळेल? माझा भाऊ..."

बंधूंनो, भगिनींनो, पावडर मारते हे खरं. पण तिच्याकडून उरलेलं काम आपली लाज पुरं करते! दार उघडा. सरकारलाही दारातला पोलीस काढून तिथे डॉक्टर उभा करायला लावा. अब्रू मागाहून कमावता येते, गेलेला श्वास नाही.