घळीतला ओंडका

गुरुवारी संध्याकाळी थेन ऑलरेडच्या स्वयंपाकघरात शनिवारच्या सहलीची बैठक भरली. अशा बैठका आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. निर्णय आधीच झालेला असतो. माणसे जमतात ती त्यावर मान डोलावण्यासाठी.

टेबलावर ऑर्सनच्या घळीचा नकाशा होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर पाकातल्या पीचच्या बरण्या ठेवल्या होत्या. त्या थेनच्या आत्याने, लाडेलने, वरच्या पठारावरून आणल्या होत्या. लाल खडकाच्या त्या घळीत दिवसाला फक्त वीस माणसांना उतरू देत आणि ती वीस नावे चिठ्ठ्या टाकून निघत. थेनचे नाव सहाव्या वर्षी निघाले होते. परवान्यावरची तारीख बदलून मिळत नसे आणि परवाना वाया घालवणाऱ्याची थट्टा गावात त्याच्या मुलांची लग्ने होईपर्यंत चाले.

योजना नेमकी होती. पहाटे निघायचे. पहिला कडा साठ फुटांचा. दोरावरून सगळे उतरले की दोर खाली ओढून घ्यायचा, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. दोर एकदा खाली आला की परतीची वाट संपते. मग चार तास, दोन्ही हात पसरता येणार नाहीत इतक्या अरुंद भिंतींमधून, फक्त पुढे. हे सगळे थेन अभिमानाने समजावून सांगत होता.

त्याची पंधरा वर्षांची मुलगी केब्री प्रथमच जाणार होती. तिने मधेच विचारले होते, की पाणी आले तर वर कुठून चढायचे. तिचा मामा व्हर्लिन म्हणाला होता, की पोहण्याच्या शिकवणीचे पैसे मग कशासाठी भरले? सगळे हसले होते. केब्री लाल झाली आणि दोराच्या तुकड्याला गाठी मारत बसली. त्यानंतर तिने काही विचारले नाही.

थेनने हवामानाचा अंदाज दाखवत फोन पुढे केला. शनिवार, गावात लखलखीत ऊन.

"तुमच्याकडे ऊन असेल, मी कुठं नाही म्हणते," लाडेल म्हणाली. "माझ्याकडे काल दीड इंच पाऊस पडला. आणि शनिवारी दुपारी चाळीस टक्के सांगितलाय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई एकतीस वर्षे रोज सकाळी सात वाजता अंगणातले पर्जन्यमापक वाचून हवामान खात्याला आकडा कळवत असे. रविवारची प्रार्थना तिने कधी चुकवली नव्हती. पण जे स्वतःला मोजता येते ते देवाला विचारू नये, असे तिचे मत होते.

"तुझं घर चाळीस मैलांवर आहे, आत्या," थेन म्हणाला.

"आणि रस्त्याखालच्या मोरीचा व्यास तू कसा ठरवतोस?"

थेन जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होता. उत्तर आपोआप बाहेर पडले. "वरच्या किती जमिनीचं पाणी तिथं उतरतं, ते मोजून."

"रस्त्यावर ऊन पडलंय का, ते बघून नाही?"

व्हर्लिनने खुर्ची मागे झुकवली. "आत्या, मी दुसऱ्यांच्या परवान्यांवर चार वेळा जाऊन आलोय. मोजासुद्धा भिजला नाही."

"जो परत आला नाही, तो या टेबलाशी बसून सांगणार आहे का? इथं बसलेले सगळे परत आलेलेच असणार, व्हर्लिन. त्यावरून मला तुझं नशीब कळलं. घळीचं काय कळलं?"

मग तिने हातातला चमचा भिंतीकडे केला. तिथे घळीचे एक मोठे छायाचित्र तीन वर्षांपासून लटकत होते. वाहत्या कापडासारख्या तांबड्या भिंती, वर आकाशाची चिंधी, तळाशी हात उंचावलेला व्हर्लिन आणि त्याच्या डोक्यावर, दोन भिंतींमध्ये आडवा अडकलेला एक ओंडका. येणारा प्रत्येक पाहुणा रंगांचे कौतुक करी.

"तो ओंडका तिथं कोणी ठेवला?"

थेनने चित्र पहिल्यांदाच खात्याच्या नजरेने पाहिले. व्हर्लिन सहा फूट. ओंडका त्याच्या पाचपट उंचीवर. म्हणजे तीस फूट. लाकूड पाइनचे होते, आणि घळीच्या आसपास पाइनचे एकही झाड नाही. ते फक्त पठारावर वाढते. तीस फूट पाणी, चाळीस मैलांवरून, आणि बहुधा निरभ्र आकाशाखाली. पुरावा तीन वर्षे जेवणाच्या टेबलासमोर टांगलेला होता.

थेन मुलीकडे वळला.

"केब्री, मघाशी तू काय विचारलं होतंस?"

"काही नाही, बाबा."

"विचार परत."

"पाणी आलं तर वर कुठून चढायचं?"

"कुठूनच नाही," थेन म्हणाला. हे त्याला कायम माहीत होते. मोठ्याने तो ते पहिल्यांदाच बोलत होता. "शनिवारी आपण जात नाही."

"सहा वर्षांनी नंबर लागला, आणि दाजी फोटोला घाबरले," व्हर्लिन म्हणाला आणि टोपी घेऊन निघून गेला.

शनिवार उजाडला तो निळाशार. दुपारी उत्तरेला पांढऱ्या ढगांचा मनोरा चढला आणि विरून गेला. दुसरी एक तुकडी घळीतून चार वाजता सुखरूप बाहेर पडली. त्यांच्या कोरड्या बुटांचे छायाचित्र व्हर्लिनने थेनला आवर्जून पाठवले. पुढचे कितीतरी दिवस खात्यात लोक थेनला छत्री आणली का म्हणून विचारत राहिले. त्याने अखेर आत्याला फोन केला.

"पाच शतांश इंच," ती म्हणाली. "चाळीस टक्के म्हणजे शंभरात साठ वेळा काहीच होत नाही, थेन. म्हणून तुझा निर्णय चुकला असं होत नाही. पोरीला घेऊन तू तो डाव खेळला नाहीस, एवढंच."

ऑक्टोबरमध्ये पठारही कोरडे पडल्यावर थेन आणि केब्री घळीच्या खालच्या तोंडाकडून, जिथे परवाना लागत नाही, पायी आत गेले. व्हर्लिनही आला, आपण फक्त गंमत पाहायला आलो आहोत, असे त्याने दोनदा सांगितले. चित्रातली जागा आली. ओंडका नव्हता. त्या जागेपासून सहा-सात फूट वर दुसराच अडकला होता, जाड, साल अजून अंगावर, सुईसारखी पाने नुकती तांबूस होऊ लागलेली. भिंतीवरच्या गाळाची ओली रेघ त्याच्याही वर होती.

व्हर्लिनने टोपी काढली. "कधी आला हा?"

कोणालाच ठाऊक नव्हते. आत्याच्या वहीत सप्टेंबरअखेरचे तीन मोठ्या पावसाचे दिवस होते. तिन्ही दिवशी गावात ऊन होते. त्यांतल्या एका दिवशी व्हर्लिनने शेजाऱ्यांना अंगणात मांस भाजायला बोलावले होते, आणि आज घळीत उतरायला हवं होतं, असे त्या वेळी कोणीतरी म्हणालेही होते. परवाना नव्हता, म्हणून तो विषय मागे पडला.

वाचकहो, घळ आपणा सर्वांच्या वाटेत नसेल, पण टेबल आहे. तिथे एखादा प्रश्न हसून उडवला जातो, तेव्हा धोका तेवढाच राहतो. फक्त तो पाहणारा एक माणूस कमी होतो. सुखरूप परतणे हा शहाणपणाचा पुरावा नव्हे. सर्वांत लहानाच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत दोर खाली ओढू नये.

परत फिरताना व्हर्लिन केब्रीच्या मागे चालत होता. तो म्हणाला, "आणखी काही विचारायचं असेल तर विचार गं."

ती वर, आकाशाच्या चिंधीकडे पाहत म्हणाली, "मामा, आत्ता पठारावर काय चाललं असेल?"

व्हर्लिन हसला नाही. तो झपझप पावले उचलू लागला.